पाण्याला गाव विचारलं तर

वर्ध्याकडच्या लग्नात मांडवात पाणी तीन वाटांनी येतं. व्याही, मामा, पुढारी आणि सोफ्यावर बसवलेली मानाची मंडळी यांच्यापुढे २०० मिलिलिटरच्या सीलबंद बाटल्यांचा ट्रे फिरतो. जेवणाच्या टेबलांच्या कडेला थंड पाण्याचे कॅन ओळीनं मांडलेले असतात आणि शेजारी कागदी ग्लासांची चवड. मांडवामागे, आचाऱ्याच्या भट्टीजवळ, नळाच्या, बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्यानं भरलेला ड्रम असतो. वरण शिजतं ते त्या ड्रमातल्या पाण्यात.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ हातात घेऊन या मांडवात फिरलं तर गंमत दिसते. कायद्याच्या कलम ३ मध्ये 'अन्न' म्हणजे काय ते सांगितलं आहे. त्या व्याख्येत बाटलीबंद पिण्याच्या पाण्याचं नाव घेऊन उल्लेख आहे. दारू आहे, च्युइंग गमसुद्धा आहे. अन्न तयार करताना त्यात वापरलेलं पाणीही आहे. म्हणजे व्याह्याच्या हातातली बाटली अन्न, आणि आचाऱ्यानं ड्रमातून उपसून वरणात ओतलेला तांब्याही अन्नच. राहिला तो मधला कॅन, ज्याचं पाणी मांडवातली बहुतेक माणसं पितात. त्याच्या तोंडावर सील नाही, अंगावर लेबल नाही, म्हणून तो 'बाटलीबंद' नाही. व्याख्येचा रूढ अर्थ असा लावला जातो, की सुटं पाणी म्हणजे नुसतं पाणी. ते अन्न नव्हे. आणि जे अन्न नाही, ते अन्न सुरक्षा अधिकाऱ्यानं तपासायचं कशाला?

विदर्भात अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोण्या गावचे? पाण्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारला, तर मांडवातल्या तिन्ही पाण्यांपैकी फक्त एकाला उत्तर देता येईल, आणि ते उत्तर देणारं पाणी बाटलीतलं नसेल.

पिपरी मेघे हे गाव या प्रश्नासाठी सोयीचं आहे. कागदोपत्री ग्रामपंचायत, जनगणनेच्या तक्त्यात नगर, आणि रस्त्यानं चालत गेलं तर वर्धा शहर कुठे संपलं आणि पिपरी कुठे लागली ते कळत नाही. सावंगी, सिंदी, बोरगाव, उमरी अशी 'मेघे' हे शेपूट लावणारी गावं शहराच्या अंगाला अशीच चिकटलेली आहेत. वर्ध्याला नगरपालिका आहे. शहरासारख्या वाढलेल्या या गावांना ग्रामपंचायती. त्यांच्या नळाला पाणी यावं म्हणून महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची एक प्रादेशिक योजना आहे, आणि तिच्या नावातच पिपरी आहे: पिपरी मेघे व १३ गावे.

या योजनेचं पाणी धाम नदीचं. वर महाकाळीला धरण, तिथून नदीच्या पात्रातून पाणी खाली येतं आणि येळाकेळीला उचललं जातं. हीच धाम पुढे पवनारला विनोबांच्या आश्रमाखालून वाहते. गाव महाकाळी, मुक्काम येळाकेळी, असा या पाण्याचा पत्ता पोस्टकार्डावर लिहिता येईल. त्याच्या तक्रारीही सगळ्यांना पाठ असतात. पावसाळ्यात गढूळ येतं, उन्हाळ्यात दिवसाआड येतं, कधी त्याहून उशिरा. २०१९च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यावर गेलं तेव्हा वर्धा आणि भोवतालच्या गावांनी नळाची वाट पाहण्यात दिवस काढले. अशा उन्हाळ्यांनीच कॅनला घरात आणलं. आधी कार्यालयात, मग दुकानात, मग लग्नात, मग स्वयंपाकघरात. सावंगी आणि सेवाग्राम इथली दोन मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर. रुग्णाबरोबर आलेला माणूस गावाकडून भाकरी बांधून आणेल, पण पाणी तिथे आल्यावर विकतच घेतो.

बाटलीचं पाणी महाराष्ट्रात आलं ते मुंबईच्या बाजूनं. बिसलेरी हे मूळ इटालियन नाव. १९६५ साली ठाण्याच्या कारखान्यातून त्या नावाचं पाणी काचेच्या बाटलीत भरून मुंबईत विकायला सुरुवात झाली. पाणी विकत घेणं ही तेव्हा मोठ्या हॉटेलांपुरती चैन होती. १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी तो धंदा चार लाख रुपयांना घेतला. आज टपरीवर माणूस 'एक बिसलरी द्या' म्हणतो आणि दुकानदार जी हाताला लागेल ती बाटली देतो. दोघांनाही त्यात काही खटकत नाही. नावाचं असं झालं, तर आतल्या पाण्याचं मूळ कोण विचारणार?

नियम उशिरा आले. २९ मार्च २००१ पासून बाटलीबंद पाण्याला भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणपत्र, म्हणजे आयएसआयचं चिन्ह, सक्तीचं झालं. मानकं दोन. आयएस १३४२८ हे नैसर्गिक खनिज पाण्याचं आणि आयएस १४५४३ हे बाकीच्या सगळ्या बाटलीबंद पिण्याच्या पाण्याचं. लोक सरसकट 'मिनरल वॉटर' म्हणतात, पण बाजारातल्या बहुतेक बाटल्या दुसऱ्या जातीच्या असतात, आणि त्यांना स्वतःला मिनरल वॉटर म्हणवून घ्यायची परवानगी नाही. दोन्हींतला खरा फरक उगमाचा आहे. खनिज पाणी एका ठरावीक झऱ्याचं किंवा भूस्तराचं असावं लागतं, त्याच्यावर फारशी प्रक्रिया करता येत नाही आणि त्या उगमाचं ठिकाण लेबलवर छापावं लागतं. दुसऱ्या जातीचं पाणी नदीचं चालतं, जमिनीखालचं चालतं, समुद्राचंही चालतं. प्रक्रिया करून ते मानकात बसलं की झालं. ते कुठून उपसलं हे लेबलवर सांगायचं बंधन नाही. लेबलवर पत्ता असतो तो कारखान्याचा.

मानक तसं कडक आहे. नळाच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय सापडता कामा नये. बाटलीच्या बाबतीत हीच अट २५० मिलिलिटरला आहे. तरीही केवळ मानक कडक असून भागत नाही, हे फेब्रुवारी २००३ मध्ये कळलं. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेनं दिल्लीतल्या १७ आणि मुंबईतल्या १३ ब्रँडच्या बाटल्या आपल्या प्रयोगशाळेत तपासल्या आणि लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस ही नावं वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली. कापसाच्या पट्ट्यात ही नावं सांगायला कृषी अधिकारी लागत नाही. ती फवारणीच्या डब्यांवर वाचलेली असतात. कंपन्या आयएसआयचं चिन्ह दाखवत होत्या, आणि तेही खोटं नव्हतं. घोळ मानकाच्या शब्दांत होता. कीटकनाशकांचा अंश 'सापडण्याजोग्या मर्यादेच्या खाली' असावा, एवढंच त्यात लिहिलं होतं, आणि शोधण्याची पद्धत अशी नेमून दिलेली होती की तिला बारीक अंश सापडतच नसे. ज्याची नजर अधू, त्यालाच पहाऱ्यावर बसवलेलं. त्यानंतर आकडे आले: एका कीटकनाशकाचा अंश लिटरला ०.०००१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, सगळ्यांची बेरीज ०.०००५ च्या वर नको. १ जानेवारी २००४ पासून हे लागू झालं.

त्या चाचण्यांचा दुसरा भाग कमी गाजला, आणि उगमाच्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा होता. संस्थेनं कारखान्यांच्या परिसरातलं कच्चं पाणीही तपासलं होतं आणि बाटलीत सापडलेली रसायनं तिथेही सापडली होती. म्हणजे दोष यंत्रापेक्षा बोअरच्या जागेत जास्त होता. नियमानं त्यावर बाटलीतल्या पाण्याचे आकडे कडक केले. बोअर कुठे आहे, त्याच्या शेजारी काय आहे, हे गिऱ्हाइकाला सांगायची सक्ती मात्र तेव्हाही झाली नाही.

मग ऑक्टोबर २०२४ मध्ये आयएसआयची सक्तीच उठली. एकाच वस्तूला दोन खात्यांचे परवाने कशाला, हा व्यापाऱ्यांचा जुना प्रश्न होता. १७ ऑक्टोबरच्या अधिसूचनेनं बाटलीबंद पाण्याचा कारभार एकट्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे आला, आणि २९ नोव्हेंबरला प्राधिकरणानं हे पाणी 'जास्त जोखमीचं अन्न' या गटात टाकलं. आता परवान्याआधी तपासणी, पुढे दर वर्षी तपासणी, शिवाय बाहेरच्या संस्थेकडून वार्षिक लेखापरीक्षण. कागदावर हे चांगलंच आहे. पण तपासणीत काय सापडलं, हे पिपरीतल्या गिऱ्हाइकाला कुठे वाचायला मिळेल? बाटलीवर त्याच्या हाती लागतो तो १४ आकडी परवाना क्रमांक. महाराष्ट्रातल्या राज्य परवान्याचा क्रमांक ११५ नं सुरू होतो, पुढचे दोन आकडे वर्षाचे. परवाना खरा की खोटा एवढं त्यावरून पडताळता येतं. पाणी कुठलं आणि गेल्या तपासणीत कसं निघालं, याबद्दल ते १४ आकडे मुके आहेत.

कॅनवर तर तेवढेही आकडे नसतात. सकाळी सात-आठच्या सुमारास छोटा हत्ती गल्लीत येतो. भरलेले कॅन उतरतात, रिकामे चढतात, हिशेब महिन्याच्या वहीत लिहिला जातो. कॅनवाला ओळखीचा असतो, गावातलाच असतो, अडीअडचणीला उधारीही देतो, आणि त्याच्याबद्दल कुणाचं वाईट मत नसतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण या विषयावरच्या बातम्या वाचल्या तर प्रत्येक प्लांटवाला भामटा आहे असं वाटतं. तसं नाही. बोअर, वाळूचा आणि कोळशाचा फिल्टर, आरओचा पडदा, अतिनील दिवा, चिलर, एवढी यंत्रसामग्री नीट राखली तर निघणारं पाणी उत्तम असू शकतं. बिघडतं ते नंतर. पाण्यात क्लोरीन असलंच तर ते कोळशाच्या फिल्टरनं काढलेलं असतं, त्यामुळे पुढच्या प्रवासात पाण्याला राखण नाही. थंडीनं जंतू मंदावतात, मरत नाहीत. कॅन काल कुणाच्या घरी होता, त्यात कुणी काय बुडवलं, तोटी कधी घासली, याची नोंद कोणीच ठेवत नाही. आणि पडदा बदलला की नाही, हे तर जिभेला कळतच नाही. थंड पाणी नेहमी गोडच लागतं.

सीलची जादू फक्त अन्नाच्या कायद्यापुरती नाही. वस्तू व सेवा करातही तीच रेघ आहे. सीलबंद डब्यातलं पाणी करपात्र. सीलबंद नसलेलं साधं पाणी करमुक्त. सप्टेंबर २०२५ पर्यंत बाटलीवर १८ टक्के आणि २० लिटरच्या बंद जारवर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबरपासून दोन्हींवर ५ टक्के झाला. सुट्या कॅनवर आधीही शून्य, नंतरही शून्य. तेव्हा एखाद्या छोट्या प्लांटवाल्यानं सील लावायचं मनावर घेतलं, तर त्याच्या वाट्याला परवाना येतो, चाचण्यांचा खर्च येतो, तपासनीस येतो आणि उलाढाल वाढली की करही येतो. सील नाही लावलं, तर यातलं काहीच येत नाही. असा हिशेब समोर असताना तो काय करेल, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

जमिनीखालच्या पाण्याचं गणितही असंच. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अतिउपसा झालेल्या क्षेत्रात बाटलीबंद पाण्याच्या नव्या कारखान्याला परवानगी नाही. इतरत्र उपशावर शुल्क आहे. सुरक्षित क्षेत्रात सगळ्यात लहान उपशाला ते घनमीटरमागे एक रुपया. घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणजे २० लिटरचे पन्नास कॅन. आणि दिवसाला १० घनमीटरच्या आत उपसा करणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना परवानगीतूनच सूट. गल्लीतला बहुतेक धंदा या मापात सहज बसतो. याच सुमारास राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाचा आधार घेत, २०२१ च्या सुरुवातीला, विदर्भातल्या काही शहरांत असे प्लांट सील झाले. सील! ज्या पाण्याला कधी सील लागलं नाही, त्याच्या दाराला लागलं. पण कारण होतं भूजलाच्या परवानगीचं. आतलं पाणी पिण्याजोगं होतं की नव्हतं, हा प्रश्न त्या कारवाईत जवळपास आलाच नाही. काही दिवसांनी कॅन पुन्हा फिरू लागले.

कोणतं पाणी कशाचं हे दाखवणाऱ्या खुणेचं काम किती सोपं असू शकतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मासळी आणि औषधं गार ठेवायला वापरायचा बर्फ उसाच्या रसात आणि गोळ्यात पडतो, अशी ओरड मुंबईत झाली, तेव्हा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं फर्मान काढलं: १ जून २०१८ पासून न खाण्याचा बर्फ निळा. रंग पाहून लहान पोरालाही कळावं कोणता बर्फ कशाचा. पाण्याला रंग देता येत नाही हे खरं, पण कॅनवर एक चिठ्ठी चिकटवता येते.

तशी चिठ्ठी जगात काही ठिकाणी लागते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २००९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर पाण्याचा उगम आणि गुणवत्तेचा अहवाल कुठे मागायचा हे छापणं बंधनकारक झालं. ब्रिटनमध्ये २००४ साली कोका-कोलाच्या दासानीचं जे झालं ते तर लोक अजून हसून सांगतात: शुद्धतेचा मोठा गाजावाजा करून आणलेलं हे पाणी लंडनच्या सिडकप भागातल्या नळाचं निघालं, आणि वरून ओझोनच्या प्रक्रियेत त्यात ब्रोमेट मर्यादेबाहेर गेलं. सुमारे पाच लाख बाटल्या परत घ्याव्या लागल्या. म्हणजे सिडकपचं साधं नळाचं पाणी बरं होतं. ते बिघडलं ते शुद्ध करताना.

फ्रान्सची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. तिथे खनिज पाण्याचा कायदा जगातल्या सगळ्यात कडक कायद्यांपैकी. झऱ्याचं पाणी जसं आलं तसं बाटलीत गेलं पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये पत्रकारांनी उघड केलं, की पेरिए, विट्टेल, कॉन्ट्रेक्स या नामांकित ब्रँडचं पाणी नेस्लेच्या कारखान्यांत बंदी असलेल्या कोळशाच्या फिल्टरांतून आणि अतिनील दिव्यांखालून जात होतं, आणि सरकारला हे २०२१ पासून ठाऊक होतं. कंपनीनं २० लाख युरो दंड भरून प्रकरण मिटवलं. पुढे सिनेटच्या चौकशी समितीनं सरकारच्या मौनावर बोट ठेवलं. उगमाचं गाव लेबलवर ठसठशीत छापलेलं होतं. लोकांपर्यंत पोचला नव्हता तो तपासणीचा कागद.

आपल्याकडे बाटलीच्या दर्जाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो डिसेंबर २०२५ मध्ये. प्लॅस्टिकच्या बाटलीतून पाण्यात उतरणाऱ्या रसायनांबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या तोडीचे निकष भारतातही लावावेत, अशी एक जनहित याचिका होती. सरन्यायाधीश सूर्य कांत यांच्या खंडपीठानं ती फेटाळली. देशात कितीतरी लोकांना प्यायला पाणीच नाही, तिथे बाटलीच्या दर्जाची काळजी ही शहरी चैन आहे, असा न्यायालयाचा सूर होता, आणि आफ्रिकेतून परतलेल्या गांधींनी देशभर केलेल्या प्रवासाची आठवणही खंडपीठानं याचिकाकर्त्याला करून दिली. पिपरीपासून सेवाग्राम काही किलोमीटरवर आहे. १९३६ साली गांधी तिथे राहायला आले तेव्हा ते शेगाव नावाचं खेडं होतं. आज त्या आश्रमाच्या दाराशी उतरणाऱ्या पर्यटकांच्या हातात बाटली असते, आणि आसपासच्या वस्तीत रोजंदारीवर जाणाऱ्याच्या घरातही कॅन असतो. न्यायालयाची काळजी खोटी नाही. पण बाटली-कॅन म्हणजे श्रीमंताचा प्रश्न, हे गृहीतक वर्ध्याच्या उन्हाळ्यात टिकत नाही. नळ चार दिवस आला नाही की सगळ्यात आधी कॅन घेतो तो ज्याच्या घरी साठवायला टाकी नाही तो.

आणि गंमत अशी, की ज्याला लोक नावं ठेवतात त्या सरकारी पाण्याचाच हिशेब सगळ्यात उघडा आहे. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावातल्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. विहिरीचा कठडा फुटला आहे का, हातपंपाभोवती डबकं आहे का, उकिरडा किती जवळ आहे, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचा साठा पुरेसा आहे का, गळती कुठे आहे, हे पाहून ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं: धोका जास्त तर लाल, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. लाल कार्ड आलं की वर्तमानपत्रात गावाचं नाव छापून येतं, सरपंचाला ऐकून घ्यावं लागतं. कारखान्याच्या बाबतीत असं लाल कार्ड कधी कुणी वाचलं आहे?

रोजची तपासणी त्याहून साधी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक सकाळी जलकुंभापासून सर्वात लांबच्या नळावर जातो, काचेच्या नळीत पाणी धरतो, त्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकतो. पाणी पिवळसर झालं म्हणजे शेवटच्या घरापर्यंत क्लोरीन पोचलं, लिटरला ०.२ मिलिग्रॅम असलं तरी पुरे. रंग आला नाही तर वहीत तसं लिहायचं आणि वर कळवायचं. जंतूंसाठी एचटूएस चाचणीची छोटी बाटली असते. पाणी भरून ठेवलं आणि ते काळं पडलं की नमुना प्रयोगशाळेत. जल जीवन मिशननं गावोगावच्या महिलांना या तपासण्या शिकवल्या आणि निकाल संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. ही कामं सगळीकडे चोख होतात असं कुणी म्हणणार नाही. वहीत महिनाभराचे आकडे एकाच पेननं, एकाच बैठकीत भरलेलेही सापडतात. पण वही आहे, आणि ती माहितीच्या अधिकारात मागता येते.

तीच काचेची नळी आणि तीच एचटूएसची बाटली घेऊन जलसुरक्षकानं कॅनच्या प्लांटवर जावं, असं कुठल्या नियमात नाही. जाऊ नये असंही नाही. नमुन्याचा निकाल पंचायतीच्या फलकावर, नळाच्या निकालाशेजारी लावायला फार तर एक खिळा लागेल. अमुक प्लांट, बोअर अमुक ठिकाणी, तपासणी अमुक तारखेला, निकाल असा. प्लांटवाल्यांतला जो यंत्र नीट राखतो, त्याला यात नुकसान नाही; उलट त्याचा कॅन आधी संपेल.

ग्रामसभेचे वर्षातले चार दिवस बहुधा ठरलेले असतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. मे महिन्याच्या सभेत पाण्याचा विषय न निघाला तरच नवल. नळ किती दिवसांनी आला, व्हॉल्व्ह कोण सोडतं, येळाकेळीची मोटर का बंद होती, यावर आवाज चढतात, घसे कोरडे पडतात. मग कुणीतरी उठतं, मंचाच्या कडेला ठेवलेल्या थंड कॅनची तोटी उघडतं आणि कागदी ग्लास हातोहात पुढे जातात.